खापर कोणावर फोडायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यामागे वर्षानुवर्षांचं काम आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामर जिथे अडलेले प्रश्न विचारतात आणि एकमेकांना फुकट उत्तरं देतात त्या साइटवर, तुम्ही उत्तरं लिहिलीत, निकृष्ट प्रश्न निस्तरलेत. ही साइट चॅटजीपीटीच्या आधीपासूनच ओसरत होती, कारण तिथल्या नियमांनी नवख्यांना टिकू दिलं नाही, असं मी लेखात म्हटलं होतं. तो वाचून तुम्हाला वाटलं की फुकट राबणाऱ्या माणसांनाच मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्याऐवजी नीट उत्तर देतो.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. पहिला, ही साइट चॅटजीपीटीने संपवली आणि मी विनाकारण तिथल्या नियमांना धरलं. दुसरा, जुन्याजाणत्यांनी कडकपणा दाखवला नसता तर तिथे कधीच चिखल झाला असता. नवे लोक टिकले नाहीत, कारण त्यांना फक्त आपला गृहपाठ करून हवा होता. तिसरा, डेव्हलपरांचे असे अड्डे येतात आणि जातात, युजनेट (इंटरनेटवरचं जुनं चर्चांचं जाळं) गेलं म्हणून कोणाचं काही अडलं नाही, आज तीच माणसं डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर भेटतात, मग गळा कशासाठी काढायचा?

आधी तारखा बघू. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. स्टॅक ओव्हरफ्लोवर महिन्याला येणाऱ्या नव्या प्रश्नांचा आकडा २०१४ च्या सुमारास दोन लाखांच्या घरात पोचला होता. पुढची काही वर्षं तो तिथेच रेंगाळला, मग घसरू लागला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तेवढा पुन्हा उसळला. या सगळ्या काळात जगात प्रोग्रामर वाढत होते. विचारण्यासारखं सगळं विचारून झालं होतं असं तुम्ही म्हणाल, आणि सी किंवा जावा या जुन्या भाषांच्या मूलभूत प्रश्नांपुरतं ते खरंही आहे. पण स्विफ्ट ही भाषा आणि कुबरनेटीस हे सर्व्हर सांभाळायचं साधन आले २०१४ मध्ये, रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती आली २०१५ मध्ये, आणि जावास्क्रिप्टच्या जगात तर दर वर्षी नवं काहीतरी येत होतं. प्रश्नांचा दुष्काळ पडायचं काही कारण नव्हतं.

चॅटजीपीटीनंतर घसरण भयानक वेगाने झाली, हे मला मान्यच आहे. मी विचारतो ते वेगळं आहे. लोक इतक्या झटकन का गेले? ते यंत्र सुरुवातीला चुकीची उत्तरंही ठासून देत होतं. त्याच कारणाने डिसेंबर २०२२ मध्ये साइटने यंत्राने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी घातली, आणि ती बंदी योग्य होती. तरी लोक तिकडे गेले, कारण तिथे कोणी प्रश्न बंद करत नव्हतं, ‘तुम्ही स्वतः काय करून पाहिलं?’ असं विचारून नापसंतीचं मत देत नव्हतं. ज्या जागेशी आपलं काही नातं आहे ती जागा माणसं अशी रातोरात सोडत नाहीत. हे नातं त्याआधी बरीच वर्षं जुळतच नव्हतं, आणि माझा लेख त्याच वर्षांबद्दल होता.

आता दुसरा आक्षेप. तोच खरा कळीचा आहे.

ही साइट २००८ मध्ये जेफ अॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी उभी केली तेव्हा तिची दोन उद्दिष्टं होती. समोरच्याची अडचण सोडवायची, आणि पुढे तीच अडचण घेऊन शोधत येणाऱ्यासाठी एक नेटकं, कायमचं पान तयार करायचं. सुरुवातीला ही दोन्ही कामं एकाच उत्तरात होत होती, कारण प्रत्येक प्रश्न नवा होता. लाखो पानं तयार झाल्यावर मात्र दोन्हींची फारकत झाली. आता अडलेल्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा आधीच्या कुठल्यातरी पानासारखा असे. संग्रहाच्या दृष्टीने तो डुप्लिकेट, म्हणजे आधीच्याच प्रश्नाची नक्कल. पण विचारणाऱ्याच्या दृष्टीने? त्याला तो जुना प्रश्न आपलाच आहे हे ओळखता येत नव्हतं, म्हणून तर तो विचारत होता. जुन्या माणसांनी संग्रह निवडला. तो वाईट पर्याय होता असं मी लेखात म्हटलेलं नाही. पण त्या निवडीची किंमत होती, आणि ती नवख्यांकडून वसूल झाली.

यंत्रणा कशी होती ते आठवा. ३००० रेप्युटेशन (इतरांच्या मतांतून मिळणारे गुण) मिळालं की प्रश्न बंद करायला मत देता येतं. पूर्वी पाच मतं लागत, २०१९ पासून तीन पुरतात. एखाद्या टॅगमध्ये, म्हणजे विषयात, सुवर्णपदक असलेला सदस्य २०१४ पासून एकट्याच्या मतावर डुप्लिकेट ठरवू शकतो. दुसरीकडे, दुसऱ्याच्या पोस्टखाली साधी टिप्पणी करायला ५० रेप्युटेशन लागत असे. म्हणजे अनुभवी माणसाला दार लावायची साधनं दर वर्षी सोपी होत गेली, आणि नव्या माणसाला ‘मला इथलं एवढंच कळलं नाही’ असं विचारायचीही सोय नव्हती. तुम्ही रोज रांगेत आलेले शेकडो प्रश्न चाळत होता. तुमच्या हातात कंपनीने जी बटणं दिली तीच तुम्ही दाबलीत. शिकवायचं बटण कोणी दिलंच नाही. माझा राग त्या रचनेवर आहे.

ते बटण देता आलं असतं, हे मी हवेत म्हणत नाही. २०१७ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवरच महिनाभराचा एक प्रयोग झाला. नवख्याने प्रश्न टाकण्याआधी एका अनुभवी सदस्याशी चॅटवर बोलायचं आणि त्याच्या मदतीने प्रश्न सुधारायचा, एवढंच. पुढच्या वर्षी त्यावर शोधनिबंध आला. मार्गदर्शन मिळालेल्या प्रश्नांचं मतांमधलं गुणांकन इतरांपेक्षा चांगलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच जाहीरपणे कबूल केलं की ही जागा नव्या लोकांना आपलीशी वाटत नाही. आणि तशा धर्तीची सोय, म्हणजे नवख्याचा प्रश्न आधी जाणत्यांनी बघून सुधारायला मदत करायची ‘स्टेजिंग ग्राउंड’, सगळ्यांसाठी खुली झाली २०२४ मध्ये. तोवर यायला लोकच उरले नव्हते.

‘त्यांना गृहपाठच करून हवा होता’ या तुमच्या वाक्याबद्दल. असे लोक होते, भरपूर होते. पण नव्या माणसांची प्रत खालावली म्हणून ती टिकली नाहीत, हा निष्कर्ष काढण्याआधी विकिपीडियाकडे बघा. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोचली आणि मग उतरू लागली. तिथेही हेच म्हटलं जात होतं की आता येणारे लोक पूर्वीसारखे नाहीत. आरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी नवख्यांच्या संपादनांचे नमुने तपासून २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या हेतूने येणाऱ्या नवख्यांचं प्रमाण फारसं बदललेलंच नव्हतं. बदललं होतं ते त्यांच्या वाट्याला येणारं स्वागत. त्यांची संपादनं जास्त प्रमाणात उलटवली जात होती, बऱ्याचदा अर्धस्वयंचलित साधनांनी, आणि ज्यांची उलटवली गेली ते निघून जात होते. ती साधनंही भाबड्या, प्रामाणिक लोकांनी उपद्रव रोखायलाच बनवली होती. दोन्ही गोष्टी इतक्या सारख्या आहेत की मला त्यांच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आज प्रश्न विचारणारा माणूस उद्या दुसऱ्याला उत्तर द्यायला थांबतो का, यावर असा समुदाय जगतो. रोजच्या प्रश्नांचा आकडा, सदस्यांची संख्या, भेटींचे आलेख हे सगळं त्यानंतर. उत्तरं देणारे आकाशातून पडत नाहीत. तेही कधीतरी अडलेलेच होते.

मालकीच्या बाबतीत मात्र तुमच्या-माझ्यात मतभेद नाही. २०१९ च्या शरद ऋतूत एका मॉडरेटरला (साइटची शिस्त राखणाऱ्या स्वयंसेवकाला) तडकाफडकी काढल्यावर अनेकांनी राजीनामे दिले. जून २०२१ मध्ये प्रोसस या गुंतवणूक कंपनीने १.८ अब्ज डॉलरला कंपनी घेतल्याचं जाहीर झालं. जून २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेली उत्तरं काढायचे मॉडरेटरांचे हात बांधले गेले तेव्हा संप झाला, आणि मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार झाल्यावर ज्यांनी निषेध म्हणून स्वतःचीच उत्तरं पुसली त्यांची खाती निलंबित झाली. लोकांनी दिलेल्या वेळेवर उभी राहिलेली जागा विकली जाते तेव्हा वेळ देणाऱ्यांना विचारलं जात नाही, हा तुमचा संताप अगदी रास्त आहे.

याच्याशी फ्रीनोडची तुलना करा. ओपन सोर्सवाल्यांचं, म्हणजे खुलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं, हे जुनं आयआरसी (चॅटचं) नेटवर्क. त्याच्या नियंत्रणावरून वाद पेटला आणि मे २०२१ मध्ये तिथले स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं. काही आठवड्यांत मोठमोठे प्रकल्प तिकडे गेले. त्यांना ते जमलं, कारण आयआरसी हा खुला प्रोटोकॉल, म्हणजे कोणालाही वापरता येणारी संदेशांची पद्धत, आहे आणि न्यायचं होतं ते फक्त माणसांना. स्टॅक ओव्हरफ्लो सोडून निघालेल्यांनी कोडिडॅक्ट हे तसंच प्रश्नोत्तरांचं व्यासपीठ उभारलं. परवाना खुला असल्याने मजकुराची प्रत न्यायची मुभाही होती. तरी ते लहानच राहिलं, कारण शोधयंत्रांतलं स्थान आणि जगभर विखुरलेल्या लिंका कोणालाच बरोबर नेता येत नाहीत.

आता ‘युजनेट गेलं म्हणून कोणाचं अडलं?’ या प्रश्नाकडे येतो. युजनेटवर दर सप्टेंबरात विद्यापीठांतून नव्या विद्यार्थ्यांची लाट येई आणि जुने लोक तिला काही आठवड्यांत रीतभात शिकवत. १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या घरोघरी इंटरनेट देणाऱ्या सेवांमुळे लाट ओसरेनाच. शिकवणाऱ्यांची संख्या तेवढी वाढली नाही. पण युजनेट एका दिवसात गेलं नाही, आणि त्याने एक फार मोलाची गोष्ट मागे ठेवली: नेहमीच्या प्रश्नांची जपलेली, दर महिन्याला पुन्हा पाठवलेली उत्तरं. सी भाषेची स्टीव्ह समिट यांनी सांभाळलेली प्रश्नोत्तरं आजही वाचण्यासारखी आहेत. १९८१ ते १९९१ मधले सुमारे वीस लाख संदेश टोरोंटो विद्यापीठातल्या हेन्री स्पेन्सर यांनी चुंबकीय टेपांवर ठेवले होते, म्हणून ते २००१ मध्ये गूगलच्या संग्रहात येऊ शकले. युजनेट गेल्यावर कोणाचं फारसं अडलं नाही ते कोणीतरी हे सगळं जपून ठेवल्यामुळे.

आणि अडतं तेव्हा कसं अडतं, हे मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड ही असंख्य लिनक्स प्रणालींत असलेली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड. ती वर्षानुवर्षं एकच दमलेला मेंटेनर (कोडची देखभाल करणारा) सांभाळत होता. त्याच्या भोवती उद्याचे मेंटेनर तयार व्हावेत असा समुदायच नव्हता. मग ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चिकाटीने पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवत राहिलं, विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि आत चोरदार (गुपचूप शिरायची वाट) बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून ते सापडलं. जिथे नवख्याला मदतनीस आणि मदतनीसाला जबाबदार व्हायची उघडी वाट नसते, तिथे अशा एखाद्याला जागा मोकळी सापडते. उलट पायथन ही भाषा बघा. तिचे जनक ग्वीडो व्हॅन रॉसम जुलै २०१८ मध्ये निर्णयकर्त्याच्या पदावरून बाजूला झाले आणि काही महिन्यांत निवडून आलेली पाच जणांची परिषद कामाला लागली. तिथे भांडणं झाली नाहीत असं नाही, पण पुढची माणसं तयार होती.

डिस्कॉर्डबद्दल थोडक्यात. तिथली माणसं प्रेमळ आहेत, बऱ्याचदा स्टॅक ओव्हरफ्लोपेक्षा कितीतरी जास्त. पण तिथलं उत्तर शोधयंत्राला सहसा सापडत नाही. स्लॅक या दुसऱ्या चॅट अॅपच्या मोफत योजनेत सप्टेंबर २०२२ पासून फक्त ९० दिवसांपूर्वीपर्यंतचेच संदेश दिसतात. म्हणून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तर देणारा थकतो. तुम्ही ज्या यंत्राला विजेता मानता तेही याच खुल्या पानांवर शिकलं. उद्याच्या आवृत्तीतला बग कोणी बंद खोलीत सोडवला, तर तो ना माणसाला दिसेल ना यंत्राला.

राहिला आपला मूळ वाद, नवखे का टिकले नाहीत हा. तो आपल्या दोघांच्या आठवणींवर सोडायला नको. स्टॅक एक्स्चेंजच्या (स्टॅक ओव्हरफ्लो ज्यात येतं त्या साइट-समूहाच्या) डेटा एक्सप्लोररवर कोणालाही एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा, चालवता येतं. २०१० मध्ये पहिला प्रश्न विचारलेल्यांपैकी पुढच्या वर्षभरात किती जणांनी दुसऱ्या कोणाला उत्तर लिहिलं ते काढा, मग तेच २०१६ साठी काढा, आणि ज्यांचा पहिला प्रश्न बंद झाला त्यांना वेगळं करा. पुसलेले प्रश्न त्यात धड येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा, कारण त्यामुळे चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसेल. तुमची क्वेरी आणि निकाल इथे खाली टाका. मी तो मूळ लेखाला जोडेन, मग तो कोणाच्याही बाजूने लागो.