हक्क गडचिरोलीत, पैसा न्यू मेक्सिकोत

महाराष्ट्रात जंगलावरच्या खर्चाचा वाद निघाला की तो रोपांच्या आकड्यावर जाऊन अडतो. २०१६ मध्ये दोन कोटींचं उद्दिष्ट, २०१९ मध्ये ३३ कोटींचं. मग जगली किती, यावर भांडण. मी राहते त्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अडचण उलटी आहे. शतकभर प्रत्येक वणवा विझवत गेल्यामुळे पाँडेरोसा पाइनची जंगलं काडीसारख्या झाडांनी गच्च भरली, आणि आता पेटतात तेव्हा आवरत नाहीत. २०२२ च्या वणव्यात तीन लाख एकरांहून जास्त जंगल जळालं. त्याची ठिणगी खुद्द वनखात्याने मुद्दाम लावलेल्या आगीतून पडली होती.

ही बारीक झाडं काढायला हवीत, पण मोठ्या आरागिरण्यांना ती नकोत. म्हणून २००० साली अमेरिकी काँग्रेसने खास या राज्यासाठी कायदा केला. या कामाच्या अनुदानासाठी गावं, आदिवासी जमाती, छोटे लाकूडव्यावसायिक अर्ज करतात; एका प्रकल्पाला चार वर्षांत जास्तीत जास्त ३ लाख ६० हजार डॉलर, म्हणजे साधारण तीन कोटी रुपये मिळतात. पाचवा हिस्सा आपला घालायचा. मोठी जुनी झाडं राखायची. निघालेल्या लाकडाचं सरपण, छताचे वासे, कुंपणाचे खांब असं काहीतरी करायचं, आणि परिणाम सगळ्यांनी मिळून मोजायचा. अर्ज तपासणाऱ्या समितीत शास्त्रज्ञ, पर्यावरणवाले, लाकूडवाले, जमातींचे आणि गावांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तरी इथलं उणंही सांगायला हवं. जंगल बहुतेक सरकारचंच राहतं. अनुदान संपलं की पुढचं लाकूड मिळेल याची गिरणीवाल्याला खात्री नसते, मग बँक तरी कशाच्या भरवशावर कर्ज देणार?

आपल्याकडे गावाला नेमका हाच जंगलावरचा हक्क मिळालेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पण तोडणीची मजुरी आज द्यायची आणि व्यापाऱ्याचे पैसे नंतर येणार, या मधल्या काळाला भांडवल कुठून आणायचं? बांबू चिरायचं यंत्र, गोदाम, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा यांना कोण पैसे देणार? उचल देणारा ठेकेदार तेवढा तयार असतो, आणि भावही मग तोच ठरवतो.

पैसा नाही असं नाही. खाणी, धरणं, रस्ते यांसाठी गेलेल्या जंगलाच्या भरपाईतून २०१९ मध्ये महाराष्ट्राला ३,८४४ कोटी मिळाले. तो खर्चायचा आराखडा मात्र वनखातं करतं. गावाला हिशेब जमत नाही, असं इथे सुट्टीवर येणारे सुशिक्षित नातेवाईकही मला सांगतात. सर्वसहमतीशिवाय निर्णय न घेणाऱ्या मेंढा-लेखाबद्दल हे बोलताना जरा थांबावं. आणि सरकारी कागद न्यू मेक्सिकोतल्या सरपणवाल्यालाही एकट्याने जमत नाहीत. त्याच्या मदतीला विद्यापीठाची संस्था आहे.

त्या रकमेचा शंभरावा हिस्सा धरला तरी ३८ कोटी होतात. न्यू मेक्सिकोच्या मापाने ते डझनभर प्रकल्प. ग्रामसभांना थेट अर्ज करू द्यावा, तपासणाऱ्या समितीत वनखात्याला एक खुर्ची द्यावी, आणि सुरुवात गडचिरोलीतल्या कोरची, धानोरा तालुक्यांपासून करावी.