क्यूबाचा हमिंगबर्ड पुण्यात आलेला नाही

‘जगातला सर्वांत छोटा पक्षी, क्यूबाचा हमिंगबर्ड, आता पुण्यात! तो फक्त मधावर जगतो, कधीच बसत नाही. बाल्कनीत लाल रंगाचं साखरपाणी ठेवा.’ हा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सोबतच्या व्हिडिओतला काळा-निळा चमकदार पक्षी जांभळा शिंजीर आहे. इथलाच, बारमाही.

क्यूबाचा तो पक्षी जेमतेम ५-६ सेंटिमीटरचा, वजन साधारण २ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही हलका. तो स्थलांतर करून क्यूबाबाहेर जात नाही. मुळात हमिंगबर्डची एकही जात अमेरिका खंडांबाहेर रानात आढळत नाही. त्यांचे जवळचे नातलग पाकोळ्या. शिंजीर चिमणी-कावळ्यांच्या गटातला. दोघांची चोच बारीक, टोकदार दिसली तरी घराणी वेगळी.

‘कधीच बसत नाही’ हे तर दोघांनाही लागू नाही. हमिंगबर्ड फुलासमोर अधांतरी तरंगतो खरा, पण दिवसातला बराच वेळ तो फांदीवर बसून काढतो. क्यूबातली मादी कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेल्या इवल्याशा वाटीत दोन अंडी घालते आणि एकटीच ती उबवते. शिंजीर बहुतेक वेळा बसूनच मकरंद पितो. जास्वंदीकडे नीट बघा: तो देठाला धरून लटकतो, चोच फुलाच्या तोंडातून न घालता बुडाशीच भोक पाडतो आणि परागकणांना न शिवता पसार होतो.

फक्त मकरंदावरही कुणाचं भागत नाही. दोघंही किडे-कोळी टिपतात. शिंजिराची पिल्लं तर त्यांच्यावरच पोसली जातात. म्हणून बाल्कनीत कीटकनाशक फवारणं त्यांच्या मुळावर येतं.

आता साखरपाणी. कृपा करून ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर आंबतं, बुरशी धरतं, आणि लाल रंगाची तर काहीच गरज नाही. त्यापेक्षा एक जास्वंद लावा, नाहीतर पानफुटी.

आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर पालापाचोळा, जाळी, सालींचे तुकडे यांची लांबट पिशवी लोंबताना दिसली, वरच्या बाजूला दार आणि त्यावर छोटी पडवी असली, तर तो कचरा समजून ओढू नका. आत शिंजिराची मादी अंड्यांवर असेल. अंडी उबून पिल्लं उडून जायला साधारण महिना लागतो, तेवढे दिवस कपडे दुसऱ्या तारेवर घाला.