कंडक्टरच्या खिशातले पस्तीस रुपये

आमचे आण्णा एसटीत कंडक्टर होते. ड्युटीवर निघताना स्वतःच्या खिशात जे काय असेल, पस्तीस म्हणा चाळीस म्हणा, ते आधी वेबिलवर, म्हणजे ड्युटीच्या हिशोबाच्या कागदावर, लिहायला लागायचं, खासगी रोकड म्हणून. कारण वाटेत चेकिंग आलं आणि तिकिटांच्या हिशोबापेक्षा पिशवीत जास्त निघाले तर ते कुठून आले हे कंडक्टरनं सांगायचं, आणि कमी निघाले तर पदरचे घालायचे. रात्री गाडी डेपोत लागली की ट्रेमधल्या तिकिटांच्या एकेका ब्लॉकचा शेवटचा नंबर बघायचा, वेबिल बंद करायचं, चिल्लरच्या चवडी लावायच्या आणि कॅश भरायच्या रांगेत उभं राहायचं. मी लहानपणी दोन-तीनदा त्या रांगेत पेंगत उभा राहिलोय त्यांच्या पायाला धरून. एकदा सव्वा रुपयाचा मेळ बसेना तर त्यांनी सगळी पिशवी परत बाकावर ओतली. मला राग आलेला, भूक लागलेली ना. ते म्हणाले, अरे पैसे लोकांचे आहेत.

तर पब्लिक ट्रान्सपोर्टमधे ऑडिट नाही असं कोण म्हणतं, आहे की, कडक आहे. फक्त ते कंडक्टरपाशी येऊन संपतं. म्हणून माझं म्हणणं, विजेच्या दरासाठी जसा आयोग आहे तसा बस-मेट्रोचा खर्च आणि भाडं आधीच, लोकांसमोर तपासणारा एक स्वतंत्र आयोग पाहिजे.

आता वरचे आकडे बघा. जून २०२५ मधे एसटीची श्वेतपत्रिका आली, संचित तोटा १०,३२२ कोटी. त्याच्या पाच महिने आधी, २५ जानेवारीपासून, १४.९५ टक्के भाडेवाढ झालेली. म्हणजे आधी भाडं वाढवलं आणि मग हिशोब दाखवला. आणि त्याच सुमारास १,३१० बस भाड्यानं घ्यायचं एसटीचं प्रकरण गाजत होतं, किलोमीटरमागचा दर जास्त लावलाय, महामंडळाला दोन हजार कोटींचा फटका बसेल असे आरोप झाले आणि मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. चांगलं केलं, नाही म्हणत नाही मी. पण माझा प्रश्न साधा आहे, मुख्यमंत्र्यांपर्यंत जाईस्तोवर ही फाईल ज्या ज्या टेबलावरून गेली तिथं कुणाचं कामच नव्हतं का हे बघायचं? स्थगिती ही काय सिस्टीम नाही. ते नशीब झालं.

ज्यांना हे भाड्याच्या बसचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, आणि त्याला पैसे मिळतात किलोमीटरमागे. गाडीत साठ माणसं असोत की सहा, दर तोच, शिवाय बऱ्याच करारांत किमान किलोमीटरची हमी असते. पद्धत मुळातच वाईट आहे असं नाही, नवीन गाड्या येतात, महामंडळाला एकरकमी पैसे काढायला लागत नाहीत. पण मग सगळा जीव त्या एका आकड्यात असतो, किलोमीटरमागे किती रुपये. त्यात दोन रुपये इकडचे तिकडे झाले की लाखो किलोमीटर गुणिले सात-आठ वर्षं, करा हिशोब. आणि हा आकडा ठरताना आपल्यापैकी कुणालाही कुणी काही विचारत नाही.

हे माझ्या डोक्यात बसलं ते शेजारच्या काकांमुळे. काका वीजदराच्या सुनावणीला जातात. वीज कंपनीला दर वाढवायचा असेल तर नियामक आयोगाकडे याचिका करावी लागते, तिचा सारांश पेपरात छापायचा, मग कुणीही हरकत घ्यायची, सुनावणीला जाऊन तोंडावर बोलायचं. काका एक पिवळी फाईल घेऊन जातात, त्यात पेन्सिलीनं खुणा केलेल्या असतात. आणि गंमत म्हणजे आयोगाच्या आदेशात हरकत काय होती, कंपनीनं काय उत्तर दिलं, आयोगाचं म्हणणं काय हे सगळं छापून येतं. एखादा खर्च पटला नाही तर आयोग तो नाकारतो, ग्राहकाच्या बिलात टाकू देत नाही. वीज स्वस्त झाली का? नाही झाली, बिल बघून मलाही घाम फुटतो. पण निदान कशाचे पैसे घेतायत हे कागदावर आहे, आणि काकांसारखा रिटायर्ड माणूस कंपनीच्या इंजिनियरला विचारू शकतो की हा खर्च दरवर्षी का फुगतो.

बसचं काय? मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं ९ मे २०२५ ला पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. थेट दुप्पट! कदाचित गरज होतीच, पाच रुपयात काय येतं हल्ली. पण कुठला खर्च योग्य, कुठला फाजील हे कोणी तिऱ्हाईतानं बसून तपासलं, लोकांसमोर तपासलं, असं झालं नाही. त्यात मुंबई महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक, निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मधे. जवळपास चार वर्षं नगरसेवक नाहीत, म्हणून खर्च मंजूर करणारी स्थायी समिती नाही, बेस्ट समिती नाही. म्हणजे प्रस्ताव ठेवणारंही प्रशासन आणि मंजूर करणारंही प्रशासन. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीनं पाण्याची टाकी स्वतःच मंजूर करून घेतली तर सहा महिने व्हॉट्सॲप ग्रुप पेटलेला असतो.

सरकारी खर्चाचं ऑडिट करणारं कॅग आहे ना, असं कोणी कमेंटमधे म्हणणार, म्हणून आधीच लिहितो. आहे, आणि कॅगचे रिपोर्ट वाचण्यासारखे असतात खरंच. पण कॅग येतं ते पैसे गेल्यावर. रिपोर्ट विधिमंडळात ठेवला जातो, बऱ्याचदा अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी, मग तो समितीकडे जातो, आणि तोवर कंत्राटाची मुदत संपत आलेली असते. पोस्टमॉर्टेम पाहिजेच, पण दवाखाना पण पाहिजे ना राव.

मोनोरेलचंच घ्या. फेब्रुवारी २०१४ ला वडाळा-चेंबूर सुरू, पुढचा टप्पा मार्च २०१९ ला, वीसेक किलोमीटरची लाईन आणि खर्च अडीच हजार कोटींच्या पुढे. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात शेकडो माणसं घेऊन वरच अडकली आणि २० सप्टेंबरपासून सेवा बंद ठेवली, अपग्रेडसाठी. प्रवासी पहिल्यापासून कमी होते, हे मुंबईतलं शेंबडं पोरही सांगत होतं. पण 'एवढे प्रवासी खरंच येणार का' हे काम सुरू व्हायच्या आधी अधिकारवाणीनं विचारणारं, आणि उत्तर पटलं नाही तर फाईल परत पाठवणारं कुणी नव्हतं. आणि वर्सोवा-घाटकोपर मेट्रो. खर्च २,३५६ कोटींचा ४,३२१ कोटींवर गेला असं मेट्रो चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगराच्या सरकारी विकास प्राधिकरणाला, ते मान्य नाही, आणि मधल्या मधे भाडं ठरवणाऱ्या समितीनं २०१५ मधे कमाल भाडं ११० रुपयांपर्यंत सुचवलं. ते हायकोर्टानं डिसेंबर २०१७ मधे रद्द केलं. खर्चाचा आकडाच दोघांत जुळत नाही आणि तरी भाड्याची शिफारस तयार!

मला भीती पण वाटते, ती लपवत नाही. असा आयोग नेमला की रिटायर्ड साहेबांची सोय होणार, लाल दिव्याऐवजी नुसती पाटी. आणि दुसरी भीती जास्त मोठी आहे. ऑडिटवाल्या माणसाला मुक्कामी गाडी म्हणजे तोटा दिसतो. आण्णा पंधरा वर्षं एका मुक्कामी गाडीवर होते, रात्री शेवटच्या गावात शाळेच्या ओट्यावर झोपायचं आणि पहाटे तीच गाडी दूधवाले आणि कॉलेजची पोरं घेऊन निघायची, अकरा-बारा माणसं. ती गाडी कागदावर कधीच फायद्यात नसणार. म्हणून तर मला तोटा फोडून हवाय. मुक्कामी गाडीमुळे किती गेले, सरकारनं सवलतीचे पैसे उशिरा दिले त्यामुळे किती गेले, आणि कंत्राटात किती गेले. पहिला तोटा मी हसत सोसीन. तिसऱ्याचं नाव-गाव पाहिजे. आत्ता सगळं एकाच पोत्यात भरून 'संचित' म्हणून मोकळे होतात.

मी मागे एका परिवहन सेवेकडे माहिती अधिकारात अर्ज केला, कुठल्या ते लिहीत नाही. भाड्याच्या बसच्या कराराची प्रत द्या, एवढंच. दहा रुपये फी भरली. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, त्रयस्थ पक्षाची व्यापारी गोपनीयता, देता येत नाही. आण्णांना वाचून दाखवलं. ऐंशी वर्षांचे आहेत, कानाला कमी येतं, दोनदा वाचायला लागलं. मग म्हणाले, "लेका, माझ्या खिशातलं पण खासगीच होतं की."

पहिलं अपील टाकलंय. सुनावणीची तारीख आली की इथे लिहितो, कुणाला यायचं असेल तर या, काका फाईल घेऊन येणारच आहेत.