‘भांडण नाही, मग बॅरिस्टर कशाला?’

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत मृत्युपत्राबद्दलचा एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: ‘बॅरिस्टर म्हणजे कोर्टात भांडणारा. घरात वाद नसेल तर मृत्युपत्राला, ट्रस्टला त्याचं काय काम? ऑनलाइन फॉर्म भरा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. तेच मृत्युपत्र पुण्याच्या फ्लॅटलाही चालतं. आणि बॅरिस्टर हवाच असला तरी सॉलिसिटरमार्फतच गाठावा लागतो.’ (ट्रस्ट म्हणजे दुसऱ्यांच्या हितासाठी मालमत्ता सांभाळण्याची कायदेशीर व्यवस्था; सॉलिसिटर म्हणजे अशिलाचे कागद आणि व्यवहार हाताळणारा वकील.) लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण सल्ल्यात खरं-खोटं असं मिसळलंय की निवडून घ्यावं लागतं.

‘बॅरिस्टर म्हणजे कोर्टात भांडणारा.’ आपल्या डोक्यातला बॅरिस्टर उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडणारा असतो. लंडनच्या लिंकन्स इन भागात मात्र असे कितीतरी बॅरिस्टर आहेत, ज्यांचा बराचसा दिवस टेबलापाशी जातो: ट्रस्टचे दस्त लिहायचे, गुंतागुंतीच्या मृत्युपत्रांचा मसुदा करायचा, करांवर लेखी मत द्यायचं. आणि कायद्याने त्यांच्या मताला एक खास जागा दिली आहे, ती नेमकी वाद नसलेल्या प्रकरणांसाठी.

समजा, आजोबांनी लिहून ठेवलं, ‘ही रक्कम माझ्या नातवंडांना, एकवीस वर्षांची झाल्यावर, समान वाटून द्यावी.’ ते गेले तेव्हा नातवंडं चार. मग पाचवं जन्मलं, मग सहावं. यादी बंद कधी करायची? इंग्लिश कायद्याचा जुना नियम सांगतो की मृत्युपत्रात वेगळं काही म्हटलं नसेल तर पहिलं नातवंड एकवीस पूर्ण करतं, तेव्हा. त्याआधी जन्मलेले आत, नंतरचे बाहेर. पण ‘वेगळं काही म्हटलं आहे का’ इथेच गाडी अडते, कारण चार पानं पुढे एखादं वाक्य असतं ज्याचे दोन अर्थ निघतात. घरात कुणी कुणाशी भांडत नसतं. तरीही मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणाऱ्या एक्झिक्युटरचा हात थांबतो, कारण चुकीचं वाटप झालं तर भरपाई त्याच्या खिशातून जाऊ शकते.

अशा वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस अ‍ॅक्ट, १९८५ चं कलम ४८ कामाला येतं. किमान दहा वर्षं पात्रता असलेल्या कायदेतज्ज्ञाचं लेखी मत घ्यायचं आणि हायकोर्टाकडे अर्ज करायचा. कोर्ट दोन्ही बाजूंचा युक्तिवाद न ऐकता ‘या मतानुसार पुढे चला’ असा आदेश देऊ शकतं. खरा वाद असेल आणि पूर्ण सुनावणी व्हायला हवी असं वाटलं, तर मात्र हा आदेश मिळत नाही. म्हणजे ‘भांडण नाही म्हणून बॅरिस्टर नको’ हे इथे अगदी उलटं पडतं.

‘फॉर्म भरा, दोन सह्या घ्या.’ एक घर, थोडी बचत, सगळं जोडीदाराला आणि मग मुलांना, इतकं सरळ असेल तर फॉर्मवर भागतं. याला माझा विरोध नाही. फक्त सह्या नीट घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये १८३७ चा विल्स अ‍ॅक्ट चालतो: तुम्ही सही करताना दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत. शेजारी सकाळी आणि मित्र संध्याकाळी, हे चालत नाही. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्रात काही ठेवलं असेल तर ते मिळत नाही. आणि नंतर लग्न केलंत तर जुनं मृत्युपत्र रद्द होतं, ते त्या ठरलेल्या लग्नाचा विचार करून केलेलं नसेल तर.

ट्रस्ट आला की मात्र फॉर्मची गोष्ट संपली. पिट खटला पाहा. १९९० मध्ये अपघातात एका माणसाच्या मेंदूला इजा झाली, मोठी भरपाई मिळाली, बायकोने व्यावसायिक सल्ला घेऊन १९९४ मध्ये त्या भरपाईचा ट्रस्ट केला. वारसा कराकडे कुणी पाहिलंच नाही. त्याच्या हयातीत वापरल्या जाणाऱ्या भांडवलापैकी निदान निम्मं त्याच्यासाठी खर्च होईल, एवढी अट दस्तात असती तर तो कर टळला असता. ट्रस्ट रद्द करून घ्यायला २०१३ साली थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. घरात वाद नव्हता. समोर करखातं होतं.

‘तेच मृत्युपत्र पुण्याच्या फ्लॅटलाही चालतं.’ सह्यांपुरतं पाहिलं तर बहुधा चालतं. भारतात हिंदूंच्या मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार लागतात, पण ते एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही. म्हणजे इंग्लंडची अट जास्त कडक. अडचणी पुढे आहेत. भारतातल्या स्थावर मालमत्तेच्या वारशाला भारतीय कायदा लागतो, माणूस कुठेही राहत असो. हिंदूचं मृत्युपत्र तिथे लग्नाने रद्द होत नाही, इथे होतं. आणि खरी मेख करात आहे. मृताच्या मालमत्तेवर दोन्हीकडे कर बसू नये म्हणून झालेला १९५६ चा भारत-ब्रिटन करार ब्रिटनच्या बाजूने अजून जिवंत आहे. मृत्यूसमयी ज्याचं डोमिसाइल, म्हणजे कायद्याच्या नजरेत कायमचं घर, भारतात आहे, त्याच्या ब्रिटनबाहेरच्या मालमत्तेला तो ब्रिटिश वारसा करापासून वाचवू शकतो. पण मुंबईतल्या ठेवी किंवा शेअर इंग्लिश कायद्याखालच्या मृत्युपत्राने दिले, तर हे कवच गळून पडू शकतं. एप्रिल २०२५ पासून वीसपैकी दहा वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेल्याची जगभरातली मालमत्ता या कराच्या जाळ्यात येते, दर ४० टक्के. तेव्हा ही गोष्ट आता फार घरांना लागू आहे.

म्हणून भारतासाठी वेगळं मृत्युपत्र करायचं, हे बरोबर. पण पुण्यातल्या वकिलाकडच्या तयार मसुद्यात पहिलंच वाक्य असतं: ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.’ सही झाली की लंडनचं मृत्युपत्रही त्याबरोबर जाऊ शकतं. तिथे ‘फक्त भारतातील मालमत्तेपुरती’ हे शब्द हवेत, आणि इंग्लंडच्या कागदातही तसेच. दोन्ही मसुदे एकाच माणसाने शेजारी ठेवून वाचणं, यासाठी मोजलेली फी मला कधीच महाग वाटत नाही.

‘सॉलिसिटरमार्फतच गाठावा लागतो.’ ही माहिती जुनी झाली. २००४ पासून पब्लिक अ‍ॅक्सेसची सोय आहे. तसं प्रशिक्षण घेतलेल्या बॅरिस्टरकडे थेट जाता येतं आणि एखाद्या कागदाची ठरावीक फी आधीच विचारता येते. मात्र बॅरिस्टर अशिलाचे पैसे स्वतःकडे ठेवू शकत नाही. त्यामुळे घर विकून, कर्ज फेडून, चार वारसांच्या खात्यांत पैसे टाकायचं काम असेल तर लिंकन्स इनला फेरी मारू नका. गावातला सॉलिसिटरच गाठा.