पत्रादेवीचा गोवा-महाराष्ट्र सीमानाका ओलांडला की गोव्यातली केस संपत नाही

बांदा-सावंतवाडीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘गोव्यात पिऊन गाडी चालवताना पकडलं तरी घाबरू नका. जागेवर दहा हजार भरा, पत्रादेवी ओलांडा, एमएच-०७ च्या (सिंधुदुर्गच्या) लायसन्सला काही होत नाही.’ हे खरं नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ केंद्राचा आहे. त्याचं कलम १८५ गोवा आणि महाराष्ट्र दोन्हीकडे सारखंच. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम २०० च्या तडजोडीच्या यादीत १८५ नाही, म्हणून जागेवर पैसे देऊन हे मिटत नाही. केस गोव्यातल्याच कोर्टात चालते. दोषी ठरलात तर कलम २० प्रमाणे लायसन्स किमान सहा महिने जातं, आणि ते देशभर लागू होतं.

बचावाचे हक्क मात्र आहेतच. गुन्हा जामीनपात्र आहे. अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. केस तरीही राहते. सावंतवाडीचा वकीलही तिथे उभा राहू शकतो. तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं, आमच्या पोरांनी तेवढं तरी करू नये.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.