सव्वा की दीड? टेलव्हीलच्या पाट्याबद्दलच्या आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आपण दिलेले दोन स्टार काल रात्री पाहिले. सकाळी शटर उघडायच्या आधी रिव्ह्यू पुन्हा एकदा वाचला. आपल्या विमानाच्या मागच्या चाकाच्या पाट्यांना, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगांना, तीन आठवडे सांगून सहा आठवडे लागले, आणि मधले दहा दिवस मी आपल्याला साधा फोनही केला नाही, ही माझी चूक आहे. मनापासून माफी मागते. गणपतीत आमची दोन्ही पोरं गावाला होती, पण फोन करायला पोरं लागत नाहीत, हे मलाही कळतं.

मात्र "चुकीच्या मापाचा पाटा मागवला, दोनदा पैसे घेतले आणि वर मलाच शिकवलं" असं आपण लिहिलंय, त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. बाबांनी वागळे इस्टेटमध्ये हा गाळा घेतल्यापासून आमच्याबद्दल उशिराची तक्रार झाली असेल, किमतीची झाली असेल. मापाची झालेली नाही.

आपलं विमान दोन सीटचं, मागे छोटं चाक असलेलं. ते चाक ज्या पाट्यांवर बसतं त्यातला मेन पाटा तुटला आणि आपण आमच्याकडे आलात. टेंपोच्या मागे असतात तसेच हे पाटे, एकावर एक तीन, फक्त लहान. या चाकांच्या ब्रॅकेटमध्ये दोन रुंदी जास्त करून चालतात, सव्वा इंच आणि दीड इंच. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ३१.७५ आणि ३८.१. फरक पाव इंचाचा, पण सव्वाच्या खाचेत दीडचा पाटा शिरत नाही, आणि दीडच्या खाचेत सव्वाचा टाकला तर तो आत डावी-उजवीकडे सरकतो. म्हणून ऑर्डरच्या आधी मी पहिला प्रश्न हाच विचारते. आपल्यालाही विचारला होता, एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा आपण फोटो पाठवलात. त्यात शिंप्याची टेप होती, आणि ती पाट्यावर नव्हती, ब्रॅकेटवर होती, बाहेरून. मी लिहिलं, "सर, पाट्याचंच माप हवं, व्हर्निअरने." आपण लिहिलंत, "३८ धरा." मी म्हटलं, तुटलेला तुकडा घेऊन या किंवा कुरिअर करा, इथे मोजते. आपलं उत्तर होतं, विमान लांब उभं आहे, तुकडा हँगरमध्ये कुठेतरी पडलाय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते आणि आपण फोनवर म्हणालात, "मी इंजिनिअर आहे, ३८ म्हणजे ३८." हे सगळं व्हॉट्सअॅपवर आहे, फोनवरचं सोडून.

ब्रॅकेटच्या खाचेला दोन्ही बाजूंना कान असतात, साधारण तीन-तीन मिलिमीटरचे. आतला पाटा ३२ च्या आसपास, त्यात सहा मिळवा. झाले ३८. आकडा नेमका दीड इंचाशी जुळला, हे दुर्दैव. तो २९ किंवा ४२ आला असता तर मीच ऑर्डर अडवली असती. तरीही अडवायला हवी होती, एवढं मान्य करते. तुकडा हातात आल्याशिवाय ऑर्डर लावायची नाही, हे बाबा सांगायचे. मी आपल्या "इंजिनिअर"वर विश्वास ठेवला.

पहिला सेट २४ दिवसांत आला. तो घ्यायला आलात तेव्हा आपण तुटलेला पाटा घेऊन आलात, म्हणजे तो हँगरमध्ये सापडला होता तर. मी काउंटरवर आपल्यासमोर व्हर्निअर लावला. ३१.७. आपण दोन मिनिटं काही बोलला नाहीत, मग म्हणालात, "तरी तुम्हाला कळायला हवं होतं." सर, मला ते वाक्य रिव्ह्यूपेक्षा जास्त लागलं.

पैशांचंही सांगते, कारण "दोनदा" या शब्दाने माणसाला भलतंच वाटतं. दीड इंची सेटचे पैसे मी आपल्याकडून घेतलेले नाहीत. तो माझ्या कपाटात पडून आहे, कोण नेईल देव जाणे. आपण दिलेला अॅडव्हान्स सव्वाच्या सेटला वळवला. जास्तीचं घेतलं ते दुसऱ्यांदा माल आणायचं विमानभाडं आणि सहारला विमानतळाच्या कस्टममधून सोडवून घ्यायचा खर्च, बिलासकट.

आता "नाक्यावरचा पाटेवाला दोन दिवसांत जुन्यालाच कमान मारून देत होता, यांनी नाटकं केली" याबद्दल. तो पाटेवाला माझ्याही ओळखीचा आहे, हाताने चांगला आहे. टेंपोचं काम असतं तर मीच आपल्याला त्याच्याकडे पाठवलं असतं. पण पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. साधारण ८५० अंशांना तापवून तेलात विझवायचं, मग पुन्हा ४५० च्या आसपास तापवून कडकपणा थोडा उतरवायचा, तेव्हा ते वाकून परत येतं. भट्टीत अंदाजाने लाल करून हातोडा मारला की पाणी उतरतं. कमान दिसायला झकास येते आणि पाच-दहा लँडिंगमध्ये बसते.

शिवाय आपलं विमान टाइप सर्टिफिकेट असलेलं, म्हणजे डिझाइनला सरकारी मान्यता असलेलं आहे. अमेरिकेहून येणाऱ्या पार्टसोबत ८१३०-३ चा कागद असतो, म्हणजे पार्ट विमानात लावायला मंजूर असल्याचा दाखला. तो पाहिल्याशिवाय आपला एएमई, म्हणजे विमानाच्या देखभालीचा परवानाधारक इंजिनिअर, सही करणार नाही, आणि करूही नये. नाक्यावरून आपण तो कागद कुठून आणणार होतात?

आपला तुटलेला मेन पाटा मी टाकलेला नाही. तो तुटला आहे तो मधल्या बोल्टच्या भोकातून. मोडलेल्या तोंडावर भोकाच्या कडेला नखाएवढा काळपट, गंजलेला चंद्र आहे आणि बाकीचा भाग राखाडी, दाणेदार, ताजा. काळा भाग जुन्या चिरेचा. ती चीर कित्येक महिने आत सरकत होती, त्या दिवशीच्या लँडिंगने फक्त शेवटचा झटका दिला. भोकही गोल नाही, कोणीतरी मागे हँड ड्रिलने मोठं केलंय. कडक केलेल्या पाट्यात नंतर भोक पाडलं की चीर तिथूनच सुरू होते. आपल्याला नवीन सेटमध्येही "बोल्ट बसत नाही, भोक जरा वाढवून द्या" असं हवं होतं. मी नाही म्हटलं आणि योग्य मापाचा बोल्ट दिला. आपण त्याला "अडवणूक" लिहिलंय.

चौथा पाटा टाकून "मजबूत" करून द्यायलाही मी नकार दिला. रुंदी दुप्पट केली तर पाटा दुप्पट कडक होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून मी जाडी मिलिमीटरच्या दशांशात विचारत होते, छळायला नाही. पाटा गरजेपेक्षा कडक झाला की धक्का तो स्वतः खात नाही, वर शेपटीच्या सांगाड्याला देतो. पाटा मोडला तर पाटा बदलतो. सांगाडा वाकला तर मग माझ्या दुकानात येऊन उपयोग नाही.

नवा पाटा लावल्यावरही चाक थरथरतं, असं शेवटी लिहिलंय. आपण पाठवलेल्या फोटोत शेपूट लाकडी खोक्यावर ठेवलेली आहे, पाट्यावर वजनच नाही. विमान तिन्ही चाकांवर उभं करा, आत दोन माणसं बसवा, टाकीत पेट्रोल असू द्या, आणि मग बाजूने बघा. चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं ती उभी हवी, किंवा तिचं वरचं टोक किंचित मागे. वरचं टोक पुढे झुकलेलं असेल तर थरथर येणारच. जुना पाटा बसून सपाट झाला की हेच होतं. नव्यात झालं असेल तर सेट परत आणा, मी बघते. पण त्याआधी टायरची हवा आणि चाकाच्या डोक्यातल्या झिजलेल्या चकत्या आपल्या एएमईला बघायला सांगा. रडरकडून येणाऱ्या साखळ्या ढिल्या असतील तर त्याही. ते माझ्या पाट्याच्या माथी नको.

"काउंटरवरच्या बाईंना विमानातलं कळत नाही, मालक भेटले नाहीत." सर, मालक मीच. डिप्लोमा मेकॅनिकल. त्या दिवशी व्हर्निअर धरणारी बाई तीच. आणि आपण आलात तेव्हा शटर बंद होतं तो शुक्रवार होता. आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, बोर्डवर लिहिलंय.

सुधारणा म्हणाल तर मापाचा एक छापील फॉर्म करायचा विचार आहे. फोनचंही काहीतरी बघते, पोरांपैकी एकाला सांगून ठेवीन. फॉर्म दिवाळीपर्यंत होईल असं वाटतं.

आपल्यासारखी गिऱ्हाइकं आमच्याकडे महिन्याला दोन-तीन येतात, बाकी सगळं प्रेसच्या आणि लेथच्या स्प्रिंगांवर चालतं. त्यामुळे दोन स्टार आम्हाला जड जातात, हे लपवत नाही. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, फक्त मापाची ओळ दुरुस्त केलीत तर बरं होईल.

तुटलेला पाटा कागदात गुंडाळून काउंटरखाली ठेवलाय, वर आपला बिल नंबर लिहून. घेऊन जा, आपल्या एएमईला तो काळा डाग दाखवा. येताना शुक्रवार सोडून या.