‘कागदी घोडे’ म्हणणाऱ्या वाचकांस

साहेब, सॉफ्टवेअर कंपन्यांनी कामाची पद्धत (प्रोसेस) कशी सुधारावी यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “लातुरात आठ पोरांचं ऑफिस चालवणाऱ्यानं अमेरिकेच्या लेव्हल्सच्या गप्पा माराव्यात? सगळे कागदी घोडे. खर्च कोण देणार? अन् ऑडिटवाले फक्त फायली बघतात.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘गप्पा माराव्यात’ ही काय बोलायची पद्धत झाली? हेच पुण्यातल्या कुणी लिहिलं असतं तर ‘छान माहिती, सर’ म्हणून मोकळे झाला असता.

लेखात लघुरूपांचा भडिमार जरा जास्त झाला, एवढं मान्य.

आता ‘अमेरिकेच्या लेव्हल्स’. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअरचे ठेकेदार पारखायचे होते, म्हणून १९८७च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेत वॉट्स हम्फ्री यांनी कंपनीच्या कामाची शिस्त पाच पायऱ्यांत, म्हणजे लेव्हल्समध्ये, मोजायचं काम हाती घेतलं (त्यालाच पुढं सीएमएम म्हणू लागले), हे खरंय. पण त्यातली दुसरी पायरी काय मागते, ते तरी बघायचं! गिऱ्हाइकानं काय मागितलं ते लिहा, कामाचा अंदाज बांधा, कोणती आवृत्ती कुणाकडं आहे याची नोंद ठेवा. यात अमेरिका कुठं आली?

मी आडत दुकानांची सॉफ्टवेअरं केलीत, तीही ऐन सोयाबीनच्या हंगामात. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबात, हमाली दोनदा कापली जायची. आमच्या पोरानं दुकानात बसूनच ते दुरुस्त केलं, ऑफिसात कुणाला पत्ता नाही. पुढं दुसरा पोरगा जुन्या कोडवरून अपडेट घेऊन गेला, पेनड्राइव्ह लावला, अन् हमाली परत दोनदा! आडत्यानं भर बाजारात मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग आम्ही तक्रारींची वही काढली, एकेकीपुढं कारण लिहीत गेलो. बहुतेक घोळ आवृत्त्यांचे निघाले, कोडचे थोडेच. मूल्यमापन म्हणतात ते हेच. अन् आराखडा केला तो एवढाच: गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरात, नोंद (कमिट) झाल्याशिवाय फाइल बाहेर जाणार नाही, प्रत्येक दुकानापुढं आवृत्तीचा नंबर. कोड रिव्ह्यू, ऑटोमेशन मुद्दाम मागं ठेवलं. सगळं एकदम लादलं की पोरं आठवड्यात जुन्या वळणावर जातात, हे तुम्ही कधी टीम चालवली असेल तर ठाऊक असेलच.

खर्चाचं म्हणाल, तर तीन वर्षांत मुदत संपणारं लेव्हलचं प्रमाणपत्र घ्या असं मी कुठं म्हटलंय? लेख पुन्हा वाचा, या खेपेला शेवटपर्यंत.

ऑडिटवाल्यांचं पुन्हा कधीतरी. अन् प्रतिक्रिया स्वतःच्या नावानं देत चला.